माल्टा: नकाशावर इवलासा, पण आठवडा द्या

भूमध्य समुद्रातल्या माल्टाला किती दिवस पुरतात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाचं सगळं इथे लिहूनच टाकते. उत्तर आधी सांगते, निदान सात रात्री द्या आणि त्यातल्या दोन तरी त्याच देशातल्या गोझो बेटावर काढा. हे ऐकलं की लोक लगेच फोनवर नकाशा उघडून दाखवतात, अगं अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईपेक्षा लहान, मुख्य बेट तर जेमतेम २७ किलोमीटर लांब, तिथे सात रात्री करायचं काय. आणि मग इटलीच्या टूरला शेपूट म्हणून दोन दिवस माल्टा जोडतात, त्यात राजधानी व्हॅलेटा, इमदीना, ब्लू लगून, गोझो सगळं कोंबतात आणि परत आल्यावर म्हणतात छान होतं पण फार दमलो. मला खरंच वाईट वाटतं हे ऐकून, कारण हा देश दमवणारा अजिबात नाही, आपण त्याला तसा करून टाकतो.

नकाशातलं अंतर इथे फसवं का आहे ते समजून घ्या, पुढचं सगळं प्लॅनिंग त्यावर आहे. लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आणि रस्त्यावर नोंदलेल्या गाड्या चार लाखांच्या वर. गावं एकमेकांना चिकटलेली, रस्ते अरुंद, लोकल ट्रेन नाही, मेट्रो नाही, सगळा भार रस्त्यावर. सकाळी आठ-नऊला आणि संध्याकाळी पाच-सहाला बारा किलोमीटरला तास लागला तर आश्चर्य मानू नका. त्यामुळे एका दिवशी बेटाच्या दोन विरुद्ध टोकांची ठिकाणं ठेवायची नाहीत, हा माझा पक्का नियम. एका दिवसाला एक भाग, सकाळी एक मोठी गोष्ट, दुपारी सावलीत आराम, संध्याकाळी समुद्राकाठी चालणं. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हे अजूनच पाळा.

कधी जायचं? मी एप्रिल ते मध्य जून किंवा सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात सांगेन. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३२ च्या वर जातो, आपण म्हणू आम्हाला नागपूरची सवय आहे, पण इथे झाडं फार कमी आणि सगळीकडे फिकट पिवळा चुनखडीचा दगड, त्यावरून ऊन उलट डोळ्यांवर येतं, वर समुद्राचा दमटपणा. गर्दी तर विचारूच नका. वसंतात गोझोची शेतं हिरवीगार असतात, रानफुलं असतात, पण समुद्र मे संपेपर्यंत गार असतो हे पोहणाऱ्यांनी लक्षात ठेवा. उलट ऑक्टोबरमध्ये हवा सुखद आणि पाणी उन्हाळाभर तापलेलं, म्हणून पोहायचं असेल तर ऑक्टोबरच. फक्त त्या महिन्यात मधेच धो धो पाऊस येतो आणि इम्सिदासारख्या सखल भागात रस्त्यावर पाणी साठतं, त्या दिवशी म्युझियम पकडा. थंडीत स्वस्त पडतं, दिवसा १५-१६ डिग्री असतं, पण दगडी घरं आतून ओलसर आणि गार, बऱ्याच ठिकाणी हीटिंग नीट नसतं, तेव्हा बुकिंग करताना एसी गरम हवा देतो का ते विचारून घ्या.

राहायचं कुठे, यावर ट्रिपचं अर्धं सुख अवलंबून आहे. तरुण ग्रुप असेल आणि रात्री जागायचंच असेल तर सेंट ज्युलियन्सचा पाचेव्हिल भाग, बाकीच्यांनी तिथून लांब राहावं, पहाटेपर्यंत आवाज असतो. बुजिब्बा आणि अवरा स्वस्त आहेत, पण रोज व्हॅलेटाला जायला-यायला वेळ जातो. व्हॅलेटाच्या आत किंवा समोरच्या बिरगूमध्ये राहणं म्हणजे स्वप्नवत, संध्याकाळी डे ट्रिपवाले निघून गेले की गल्ल्या आपल्याच, पण जुन्या इमारतींना बऱ्याचदा लिफ्ट नसते आणि चक्री जिना चढून तिसऱ्या मजल्यावर बॅग न्यायची म्हणजे गुडघेदुखीवाल्यांचं काम नाही. कुटुंबाला मी स्लीमा सांगते. समुद्राकाठी लांबच लांब सपाट फुटपाथ, किराणा दुकानं, भरपूर खाणं, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे समोर व्हॅलेटाला जाणारी फेरी बोट, ट्रॅफिकशी संबंधच येत नाही. एक गोष्ट मात्र बघा, स्लीमात आणि शेजारच्या गझीरात सतत बांधकाम चालू असतं, त्यामुळे अलीकडचे रिव्ह्यू वाचून बाजूला क्रेन लागलीये का ते तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

फिरण्यासाठी बस आहेत आणि त्या बऱ्या आहेत. तिकीट अडीच युरोच्या आसपास, दोन तास चालतं, त्या वेळात बस बदलली तरी परत पैसे नाहीत. कार्ड मशीनला टेकवलं की झालं. बरेच दिवस राहणार असाल तर सात दिवसांचं एक्सप्लोर कार्ड घ्या, एअरपोर्टवरच मिळतं. स्टॉपवर नुसतं उभं राहून बस थांबत नाही, हात करावा लागतो, आणि उन्हाळ्यात बस भरलेली असली की हात करूनही थांबत नाही, म्हणून शक्य असेल तिथे सुरुवातीच्या थांब्यावरून चढा. व्हॅलेटाच्या गेटबाहेर मोठा बस टर्मिनस आहे, जवळपास सगळ्या बेटावर तिथून बस जातात. चौघं असाल तर बोल्ट किंवा उबर कधी कधी बसच्या तिकिटांच्या जवळपासच पडते, ती मागवा. भाड्याची स्कूटर घेऊन फिरू असं मनात असेल तर भाड्याच्या ई-स्कूटरवर २०२४ पासून बंदी आहे. गाडी घ्यायची असेल तर आपल्यासाठी सोपं, कारण ब्रिटिश गेले तरी गाडी डावीकडूनच चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे, फक्त निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. पण माझं मत विचाराल तर मुख्य बेटावर गाडी नकोच, पार्किंग शोधण्यातच सुट्टी जाईल. गोझोला मात्र गाडी जरूर घ्या.

गावांच्या नावांचा एक घोळ आधीच सोडवून ठेवते. माल्टीज भाषा रोमन लिपीत लिहितात पण तिच्यातला एक्स म्हणजे श, आणि क्यू बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. म्हणजे स्पेलिंगवरून मारसाक्सलोक वाटणारं गाव मारसाश्लोक, आणि हागर किम वाटणारं मंदिर हाजार ईम. बसमधली अनाउन्समेंट ऐकून उतरणार असाल तर याचा खूप उपयोग होतो. बाकी भाषेची काळजी नको, इंग्रजी इथली दुसरी अधिकृत भाषा आहे, दुकानदार, बस ड्रायव्हर, फार्मसीवाले सगळे बोलतात.

आता व्हॅलेटा. १५६५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी या बेटाला वेढा घातला होता, तो सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे इथे सत्ता असलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाने, परतवला आणि लगेच पुढच्या वर्षी, १५६६ ला, त्यांचा प्रमुख ला व्हॅलेट याने उजाड टेकाडावर या शहराचा पाया घातला. म्हणून गल्ल्या आखून काढल्यासारख्या सरळ आहेत, आणि टेकाडावर असल्यामुळे दोन्ही बाजूंनी पायऱ्या पायऱ्यांनी समुद्राकडे उतरतात. याचा प्रॅक्टिकल अर्थ असा की शहराच्या कण्यावर, म्हणजे रिपब्लिक स्ट्रीट आणि मर्चंट्स स्ट्रीटवर, चालणं अगदी सोपं, पण आडव्या गल्लीत शिरलात की चढ-उतार. वयस्कर माणसं असतील तर टर्मिनसकडून आत या, कण्यावरूनच चाला आणि खाली बंदरावर जायला बराक्का लिफ्ट वापरा. २०१२ ला सुरू झालेली ही लिफ्ट अप्पर बराक्का बागेतून थेट खाली नेते, एखाद्या युरोत पन्नास-साठ मीटरचा चढ वाचतो.

सेंट जॉन्स को-कॅथीड्रल या मोठ्या चर्चला सकाळी उघडताच जा आणि दोन तास ठेवा. बाहेरून साधं वाटतं, आत पाय ठेवला की भिंती, छत, सगळं सोन्याने मढवलेलं, आणि जमीन म्हणजे नाइट्सच्या रंगीत संगमरवरी कबरींच्या फरशा, त्यावर हाडांचे सापळे, शिंग फुंकणारे देवदूत, घराण्यांची चिन्हं. फरशी जपायची म्हणून टोकदार टाचांचे बूट घालू देत नाहीत, खांदे झाकलेले हवेत, एक ओढणी पर्समध्ये ठेवा. रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. आत काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ सालचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एवढं एकच चित्र, आणि ती सहीसुद्धा चित्रात सांडलेल्या रक्तात. तिथे शांतपणे उभं राहा. निम्मं चित्र अंधारच आहे, तुरुंगाच्या खिडकीतून बघणारे दोन कैदी आधी दिसतच नाहीत, मग हळूहळू दिसतात. मला चित्रकलेतलं फार कळतं असं नाही, पण त्या चित्रासमोरून मला हलवत नव्हतं.

दुपारी बाराच्या थोडं आधी अप्पर बराक्का बागेत पोचा, खालच्या तटावरून तोफ उडवतात, चार वाजताही उडवतात. लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा, आवाज मोठा असतो. आणि समोर जे ग्रँड हार्बर दिसतं ते बघायला कसलंही तिकीट नाही. पलीकडची तीन गावं, बिरगू, सेंगलेआ आणि बोर्मला, बहुतेक टूरमध्ये नसतातच. लिफ्टने खाली उतरा आणि फेरीने किंवा दाइसा नावाच्या छोट्या रंगीत होडीने दोन-तीन युरोत पलीकडे जा. होडीतून दोन्हीकडचे उंच तट बघितले की हे बंदर घ्यायला इतक्या सत्तांनी जीव का टाकला ते समजतं. सेंगलेआच्या टोकाला एक पहाऱ्याचा बुरूज आहे, त्यावर दगडात डोळा आणि कान कोरलाय, लक्ष आहे असं सांगणारा. अजून एक गोष्ट, जी तिथल्या गाइडकडून मी तरी ऐकली नाही. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान प्रकरण तापलं तेव्हा ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजाने माल्टात आणून उतरवले होते, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. लढाई झाली नाही. पण या बंदरात आपल्याकडची माणसं सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी उतरली होती हे माहीत असलं की तिथे उभं राहताना वेगळंच वाटतं.

यानंतरची गोष्ट बाकी कसलंही बुकिंग करण्याआधी वाचा, आणि शक्य असेल तर विमानाच्या तिकिटांच्याही आधी. पावला गावात घरांच्या रांगेखाली हायपोजियम आहे, म्हणजे जमिनीखाली खडक खोदून केलेली तीन मजली दफनभूमी, पाच हजारांहून जास्त वर्षं जुनी, १९०२ मध्ये घरबांधणीच्या वेळी सापडलेली. आत श्वासाच्या वाफेने लाल रंगाची जुनी नक्षी खराब होते म्हणून तासाला फक्त दहा माणसं सोडतात. तिकिटं कित्येक आठवडे, सीझनला तर महिने आधी संपतात. हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेच्या साइटवर आधी तारीख मिळवा आणि मग बाकीचा आठवडा तिच्याभोवती बांधा. अगदीच नाही मिळालं तर आदल्या दिवशी मिळणारी मोजकी महाग तिकिटं असतात, ती कुठल्या काउंटरवर आहेत ते साइटवर बघा आणि सकाळी लवकर रांग लावा. सहा वर्षांखालच्या मुलांना आत नेत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. इथे सापडलेली आडवी झोपलेल्या बाईची तळहाताएवढी मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे, ती चुकवू नका.

हायपोजियम हुकलं म्हणून खट्टू होऊ नका, हाजार ईम आणि शेजारचं इम्नाइद्रा ही प्राचीन दगडी मंदिरं समुद्राच्या कड्यावर आहेत आणि तिथे असली बुकिंगची झुंबड नसते. ऊन-वाऱ्याने दगड झिजतायत म्हणून वर मोठे तंबू ताणलेत, त्यामुळे सावलीही मिळते. सकाळी मंदिरं, मग बस पकडून खाली ब्लू ग्रोटोच्या होड्या, असा अर्धा दिवस मस्त जमतो. होडीचा फेरा वीसेक मिनिटांचा, सकाळच्या उन्हात गुहेतलं पाणी निळंशार दिसतं. वारा असला तर होड्या सुटत नाहीत, तेव्हा तिकडे जाण्याआधी फोन करा किंवा हॉटेलवाल्यांना विचारा.

इमदीना ही जुनी राजधानी, तटबंदीच्या आत चिमुकली, गाड्या जवळपास नाहीत. तिथे दुपारी जाऊ नका, सगळ्या बस तेव्हाच येतात. चारनंतर जा, आधी लागूनच असलेल्या रबातमध्ये सेंट पॉलची भुयारी दफनस्थळं बघा, मग अंधार पडताना इमदीनात शिरा. तटावरून जवळजवळ सगळं बेट दिसतं. मारसाश्लोकचा रविवारचा मासळीबाजार प्रसिद्ध आहे, पण गर्दी प्रचंड. मासे खायलाच जायचं तर आठवड्यातला दुसरा दिवस बरा. डोळे रंगवलेल्या लुझ्झू होड्या रोजच असतात. ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत लाम्पुकी माशाचा सीझन, मासे खाणाऱ्यांनी तो मागावाच.

आणि आता गोझो, ज्यासाठी मी इतका आग्रह धरतेय. बहुतेक लोक याला एका दिवसात उरकतात. सकाळी बसने चिरकेव्वा बंदराला पोचायला तास-दीड तास, फेरीची वाट, पंचवीस मिनिटं समुद्र, मग बेटावर पळापळ आणि चारला परत रांगेत. असं केलंत तर गोझोचा खरा भाग, म्हणजे संध्याकाळ, हातातून जातो. तिथे रात्री राहा. जुन्या दगडी शेतघरांना छोटा स्विमिंग पूल करून भाड्याने देतात, दोन कुटुंबं मिळून घेतली तर हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं, स्वयंपाकघर असतं, आईला सकाळी तिचा चहा तिच्या हाताने करता येतो, हे सुख मोठं आहे. गाडी न घेणाऱ्यांनी व्हिक्टोरिया या गोझोच्या मुख्य गावात राहावं, कारण सगळ्या बस तिथूनच सुटतात आणि बऱ्याच मार्गांवर तासाला एकच असते. मोठ्या फेरीचं एक गंमतशीर आहे, जाताना तिकीट विचारत नाहीत, परत येताना गोझोच्या इमजार बंदरात घेतात, पाच युरोच्या आत. रात्रंदिवस चालू असते. व्हॅलेटाहून फास्ट फेरीही आहे, पाऊण तासात पोचवते, पण त्यात गाडी जात नाही आणि समुद्र खवळला की रद्द होते. बोट लागणाऱ्यांनी गोळी खिशात ठेवा.

गोझोत व्हिक्टोरियाचा चितादेल्ला किल्ला सकाळी बघा, तटावरून चारी बाजूंना गावं आणि प्रत्येक गावातून वर आलेला चर्चचा घुमट दिसतो. शारा गावातली जिगांतिया मंदिरं साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीची. एवढे थोरले दगड माणसांनी रचले यावर नंतरच्या लोकांचा विश्वासच बसेना, म्हणून गोष्ट तयार झाली की एका राक्षसिणीने खांद्यावर बाळ घेऊन हे बांधलं आणि ती फक्त पावट्यासारख्या शेंगांचे दाणे आणि मध खायची. माझ्या भाच्याला माल्टातलं बाकी काही नाही तरी ही बाई पक्की लक्षात आहे. द्वेइराला समुद्रात अझुर विंडो नावाची खडकाची कमान होती ना, फोटोतली, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, अजूनही लोक तिथे जाऊन शोधतात. पण द्वेइरा तरीही जायलाच हवं. इनलँड सी नावाच्या तळ्यातून छोटी होडी खडकातल्या बोगद्यातून बाहेर मोकळ्या समुद्रात नेते. सूर्यास्तापर्यंत थांबा. मारसालफोर्नच्या पुढे किनाऱ्यावर खडकात कोरलेली मिठागरं आहेत, उन्हाळ्यात तिथेच पिशवीत मीठ विकतात, घरी न्यायला यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही. वाळूत खेळायला रामला, लालसर वाळूचा लांब किनारा.

कोमिनो बेटावरच्या ब्लू लगून या निळ्या पाण्याच्या खाडीबद्दल स्पष्टच सांगते, पाणी खरंच तसं आहे, पण गर्दी इतकी की उन्हाळ्यात दुपारी टॉवेल टाकायला जागा नसते. २०२५ पासून तिथे उतरायला आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, फुकट आहे पण घ्यायला विसरू नका. पहिल्या बोटीने जा, अकरापर्यंत पोहून घ्या आणि मग बेटावर जुन्या बुरुजाच्या दिशेने चालायला लागा. प्लॅस्टिक आणि कचरा परत घेऊन या, बेट छोटंसं आहे आणि पक्ष्यांचं अभयारण्य आहे, आपणही त्या गर्दीचाच भाग असतो ना.

समुद्राबद्दल काळजीने लिहितेय, नीट वाचा. आपल्यातले बरेच जण समुद्रात पोहणारे नसतात आणि इथे बहुतेक किनारे खडकाळ, शिडी धरून उतरलं की दुसऱ्या पावलाला पाणी डोक्यावर. मुलं आणि न पोहणारे असतील तर मेल्लीहाच्या आदिरा बे लाच जा, वाळू आहे आणि पाणी लांबवर उथळ. किनाऱ्यावर झेंडे बघा. लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही, जांभळा म्हणजे जेलीफिश. शेवाळलेले खडक आणि झिजलेल्या गुळगुळीत फरश्या ओल्या असताना फार घसरतात, पाण्यात घालायचे रबरी बूट घरूनच आणा. सेंट पीटर्स पूलला इन्स्टावर सगळे उड्या मारताना दिसतात, तिथे लाइफगार्ड नाही. वारा उत्तरेकडून असेल तर दक्षिणेकडचा किनारा शांत असतो आणि उलटही, स्थानिक लोक सकाळी वारा बघून मगच कुठल्या बाजूला जायचं ते ठरवतात, तुम्हीही तसंच करा.

खाण्याकडे येते, आमच्याकडे आई शुद्ध शाकाहारी, त्यामुळे या विषयात मी बरंच विचारत फिरलेय. पास्तिझ्झी म्हणजे खारीसारखे पापुद्रे सुटलेली गरमागरम होडी, आत रिकोटा चीज किंवा मसालेदार वाटाणा, एकेक युरोच्या आत-बाहेर, रस्तोरस्ती. फक्त पापुद्र्यासाठी प्राण्याची चरबी वापरलीये का ते प्रत्येक ठिकाणी विचारा, न चिडता सांगतात. पालकाच्या सारणाची अस्सातात दिसायला निर्धोक, पण त्यात बऱ्याचदा छोटे मासे असतात. होब्झ बिझ-झेइत म्हणजे जाड कवचाच्या ब्रेडवर टोमॅटोची घट्ट पेस्ट, ऑलिव्ह तेल, केपर्स, पण सांगितलं नाही तर वर ट्यूना येतोच, तेव्हा ऑर्डर देतानाच ट्यूना नको म्हणा. बिगिल्ला ही कडधान्याची लसणीची चटणी गल्लेटी बिस्किटांबरोबर, वांग्या-टोमॅटोची कापुनाता, गोझोचं छोटं जिबेना चीज, रिकोटा भरलेली रव्युल, एवढ्यावर शाकाहारी माणूस आठवडाभर आनंदात राहतो. खजुराचं सारण भरून तळलेले इम्आरेत गरम असतानाच खा, बडीशेपेचा वास येतो. मांसाहारींना सशाचं स्ट्यू, ही इथली राष्ट्रीय डिश. किन्नी हे कडू संत्र्याचं सोडा पेय पहिल्या घोटाला नकोसं वाटेल, दुसरी बाटली तुम्ही स्वतः मागाल. भारतीय हॉटेलं आणि किराणा भरपूर आहेत, केरळपासून पंजाबपर्यंतची खूप मंडळी तिथे कामाला आहेत, तूरडाळ, पोह्यांसाठी बॅग भरून नेऊ नका.

बारीकसारीक गोष्टी. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे, दुबईत असतात तसे, युरोपचा दोन पिनांचा अडॅप्टर चालत नाही. देशात एकही नदी नाही, नळाला बरंचसं समुद्राचं खारं काढलेलं पाणी असतं, सुरक्षित आहे पण चव वेगळी, म्हणून सगळे बाटल्या घेतात. प्रत्येक बाटलीवर दहा सेंट जास्त घेतात आणि रिकामी बाटली सुपरमार्केटबाहेरच्या मशीनमध्ये टाकली की ते परत मिळतात, बाटली चेपू नका, मशीन घेत नाही. दुपारी एक ते चार गावातली बरीच दुकानं बंद, रविवारी तर जास्तच, औषधं लागत असतील तर शनिवारीच घ्या आणि भारतातून नेताना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. उन्हाळ्यात एखाद्या गावात भरदिवसा बॉम्ब फुटल्यासारखे आवाज आले तर घाबरू नका, तिथल्या संताचा उत्सव आहे, त्यांना फेस्ता म्हणतात, संध्याकाळी बिनधास्त जा, बँड, दिवे, रोषणाई, फटाके, सगळं गाव रस्त्यावर. १५ ऑगस्टला सान्ता मारियाची सुट्टी असते आणि अर्धं माल्टा गोझोला जातं, त्या आठवड्यात फेरीच्या नादी लागू नका.

व्हिसा मुद्दाम शेवटी, कारण कुठे किती रात्री हे ठरल्याशिवाय अर्ज भरताच येत नाही. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, ब्रिटनचा व्हिसा चालत नाही. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, त्यामुळे व्हॅलेटाहून पावणेदोन तासांच्या बोटीने सिसिलीला जाऊन तिथे जास्त राहणार असाल तर अर्ज इटलीकडे करावा लागेल. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स हवा, आणि आई-बाबांसाठी घेताना आधीपासूनच्या आजारांचं काय ते बारीक अक्षरात वाचा. आता शेंगेनच्या सीमेवर नव्या पद्धतीने बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, म्हणून युरोपातल्या दुसऱ्या एखाद्या शहरात विमान बदलत असाल तर मधे अडीच-तीन तास ठेवा. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे आलात तर हे सगळं माल्टात उतरल्यावरच होतं, वयस्कर माणसांना ते बरं पडतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर मार्चपर्यंत थांबू नका, तोवर मुंबई-पुण्यातले सगळेच युरोपच्या अपॉइंटमेंटच्या मागे लागलेले असतात, जानेवारीतच तारीख घेऊन ठेवा.